पाच ग्रॅमचं फूल

बॅडमिंटन म्हटलं की आमच्या मोहल्ल्यात अजूनही लोक हसतात. क्रिकेट हा खेळ, कबड्डी हा खेळ, कुस्तीचं तर विचारूच नका. बॅडमिंटन म्हणजे मात्र संध्याकाळी अंगणात बायका-पोरांनी करायचा विरंगुळा. आमचाही समज बरीच वर्षं तोच होता. तो कसा मोडला आणि मोडताना आम्हाला आमचीच एक चूक कशी दिसली, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक खुलासा. घरात आम्ही उर्दू बोलतो आणि स्वतःला 'हम' म्हणतो. मराठी लिहितानाही ती सवय सुटत नाही. तेव्हा या 'आम्ही'त वाचकांनी बडेजाव शोधू नये. अकोल्याच्या एका उर्दू हायस्कुलात विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या बाईला बडेजाव परवडतही नाही.

आमचं माहेर अमरावतीचं, वलगाव रस्त्याकडच्या वस्तीतलं. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. असरच्या नमाजनंतर मगरिबची अजान होईपर्यंत गल्ली आम्हा पोरींची असायची. शेजारच्या लिंबाच्या झाडापासून आमच्या खिडकीच्या गजापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती. तीच आमची जाळी. नायलॉनचं एक फूल महिना महिना पुरवायचं. आमच्या घरातली मोठी माणसं त्याला 'चिडी' म्हणत, पलीकडच्या देशमुख काकू 'फूल' म्हणत. आम्हाला दोन्ही नावं आवडायची.

आमचा नियम एकच होता, फूल खाली पडू द्यायचं नाही. आपा आणि आम्ही मोजत राहायचो, पन्नास, साठ, सत्तर. शंभर झाले की अम्मीला ओरडून सांगायचं. म्हणजे समोरच्याला सहज मारता येईल, असंच आम्ही मारत होतो. स्पर्धेतलं बॅडमिंटन याच्या नेमकं उलट असतं आणि समोरच्याला पोचताच येऊ नये असं मारणं हाच त्यातला खेळ असतो, हे कळायला आम्हाला बी.एड.चं वर्ष उजाडावं लागलं.

ते वर्ष २०१०-११. कॉलेज अमरावतीतच होतं. अमरावती हे व्यायामाचं गाव. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले. गावात शारीरिक शिक्षणाची कॉलेजं असल्यामुळे ट्रॅकसूट घातलेली मुलंमुली रस्त्यानं नेहमी दिसायची. त्या मुली वेगळ्या जगातल्या आहेत, असं आम्हाला वाटायचं.

आमच्या वर्गात विद्यापीठाच्या संघातून खेळलेली एक मुलगी होती. एकदा बोलता बोलता आम्ही म्हणालो, "आम्हीपण बॅडमिंटन चांगलं खेळतो." ती हसली नाही. "उद्या सकाळी चल," एवढंच म्हणाली.

सकाळी साडेसहाला हॉलमध्ये पोचलो. लाकडी जमीन, आखलेल्या रेषा, ताणून बांधलेली जाळी. आम्ही ओढणी कमरेला बांधली आणि उभ्या राहिलो. पहिला गेम २१-२, दुसरा २१-३. ते पाच गुणही तिनं फूल बाहेर मारलं म्हणून मिळाले. हरण्याचं आम्हाला दुःख नव्हतं. आश्चर्य वाटलं ते आमच्या शरीराचं. पाच मिनिटांत घसा कोरडा पडला, कानात ठोके ऐकू येऊ लागले. ती एक फूल जाळीपाशी टाकायची आणि आम्ही ते उचलायला पुढं धावलो की दुसरं मागच्या रेषेवर. पुढं, मागं, डावीकडं, परत पुढं. ती मधोमध उभी आणि आम्ही तिच्या भोवती नाचतोय, असं ते दृश्य. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. फजरच्या नमाजला सजद्यातून उठताना मांड्यांनी असं काही बजावलं, की गल्लीतल्या बॅडमिंटनचा सगळा अभिमान तिथंच उतरला.

त्यानंतर मात्र आम्ही या खेळाकडे विज्ञानाच्या विद्यार्थिनीसारखं पाहू लागलो. एकेरीच्या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा २२ फूट लांब आणि १७ फूट रुंद असते. म्हणजे आमच्या शाळेतल्या नववीच्या वर्गाएवढी. तेवढ्या जागेत धावून धावून माणूस किती धावेल, असं वाटतं. पण ते धावणं सरळ नसतं. झेप घ्यायची, थांबायचं, वळायचं, उडी मारायची, पुन्हा मधे यायचं. पुढच्या कोपऱ्यातलं फूल उचलताना एक पाय लांब टाकून गुडघ्यात वाकावं लागतं आणि सगळ्या अंगाचा भार त्या गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. तिथून त्याच क्षणी मागं फिरायचं असतं.

एक रॅली सरासरी सहा-सात सेकंदांची. मग सर्व्हिस होईपर्यंत साधारण त्याच्या दुप्पट विश्रांती. पुन्हा तेच. तज्ज्ञांनी मोजून पाहिलंय, की सामन्यात खेळाडूच्या हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास जातात आणि तिथंच राहतात. पंचवीस वर्षांच्या खेळाडूसाठी हा हिशेब मिनिटाला पावणेदोनशेच्या घरात जातो. त्या सात सेकंदांची ताकद स्नायूंत साठवलेल्या शक्तीतून येते, पण तो साठा लगेच संपतो. पुढच्या पंधरा सेकंदांत तो पुन्हा भरायचा असेल तर रक्तातून ऑक्सिजन यावा लागतो. ज्याचं रक्त हे काम भराभर करतं तो तिसऱ्या गेममध्ये उभा राहतो. बाकीचे नुसते दिसायला उभे असतात.

त्यात आपल्या वऱ्हाडाचा उन्हाळा. फूल पावणेपाच ते साडेपाच ग्रॅमचं. बुचाच्या टोपीत खोचलेली सोळा पिसं, एवढाच त्याचा संसार. वाऱ्याच्या झुळकीनंही ते भरकटतं. म्हणून हॉलची दारं-खिडक्या बंद ठेवायची आणि पंखेही बंद. बाहेर पारा ४४-४५ वर, वर टिनाचं छप्पर, आत पंखा बंद आणि खेळ असा. क्रिकेटवाल्या भाईजानला आम्ही एकदा एप्रिलमध्ये हॉलमध्ये नेऊन बसवलं होतं. खेळायला नव्हे, नुसतं बघायला. वीस मिनिटांत साहेब बाहेर येऊन रसवंतीवर उभे.

याच फुलाचा वेग ऐकला तर खरं वाटत नाही. आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीनं १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये मारलेला स्मॅश ताशी ५६५ किलोमीटरचा नोंदला गेला. तो प्रयोगासाठी मारलेला होता. पलीकडं पोचेपर्यंत पिसांमुळे फुलाचा वेग झपाट्यानं उतरतो हेही खरं. तरीसुद्धा परतवणाऱ्याला विचार करायला वेळ उरत नाही. डोळ्यांनी समोरच्याचा खांदा वाचायचा आणि पायांनी आधीच निघायचं.

अब्बांना खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण एक नाव त्यांच्या तोंडी नेहमी असायचं, सय्यद मोदी. गोरखपूरकडच्या साखर कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. १९८० ते १९८७ अशी सलग आठ वर्षं राष्ट्रीय विजेता. १९८२ मध्ये ब्रिस्बेनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. २८ जुलै १९८८ रोजी लखनौत सराव करून स्टेडियमबाहेर पडताना त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय पंचवीस. आम्ही तेव्हा चार महिन्यांचे होतो. अब्बा सांगत, त्या रात्री रेडिओवर बातमी ऐकून वर्कशॉपमधले सगळे गप्प झाले होते.

त्याचं खरं नाव मेहदी. शाळेत नाव घालताना चुकून 'मोदी' लिहिलं गेलं आणि तेच पुढं जगभर गेलं, असं सांगितलं जातं. शिक्षिका झाल्यापासून ही गोष्ट आम्हाला फार आठवते. आमच्या शाळेतली नावं उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना काय काय होतात ते आम्ही रोज बघतो. दाखला लिहिताना आम्ही प्रत्येक नाव दोनदा वाचतो. हजेरीतली चूक माणसाच्या कबरीपर्यंत जाते.

आणि हा खेळ काही परका नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. पुढं इंग्लंडातल्या एका सरदाराच्या 'बॅडमिंटन हाउस' या वाड्यावरून त्याला आजचं नाव मिळालं. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकले. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. त्यांचं निधन झालं तो दिवस २८ जुलै २०२१. सय्यद मोदीचीच तारीख. अब्बा असते तर आम्ही त्यांना लगेच फोन केला असता.

बी.एड.नंतर लग्न झालं आणि आम्ही अकोल्याला आलो. अमरावती-अकोला अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. पण एसटीनं बडनेरा, मूर्तिजापूर करत यायचं म्हणजे त्या रस्त्यावर हाडं मोजून घ्यावी लागत. आता तो रस्ता छान झालाय. जून २०२२ मध्ये त्यातला ७५ किलोमीटरचा एक पदरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नोंदवला गेला. त्याच महिन्यात आमच्या वर्गात ती मुलगी आली.

नाव सांगत नाही. नववीतली. वडील दालमिलमध्ये हमाल, आई घरी गोधड्या शिवणारी, घर अकोट फैलाकडचं. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर शाळा नीट भरू लागल्या होत्या. आमच्याकडच्या दोन जुन्या रॅकेटी आम्ही शाळेत नेल्या होत्या. मधल्या सुट्टीत मुली खेळायच्या. ही पोरगी फूल कुठं पडणार ते सगळ्यांच्या आधी ओळखायची. मनगट असं फिरायचं, की आम्हाला आमच्या त्या वर्गमैत्रिणीची आठवण झाली. शारीरिक शिक्षणाचे सर वऱ्हाडी माणूस. ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी तं लय भारी हाये. जिल्ह्याले नेऊ तिले."

घरी परवानगी मागायला आम्ही स्वतः गेलो. बोलणं अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. कपड्यांचा प्रश्न निघाला. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, असं ठरलं. आईला आम्ही एक गंमत सांगितली. २०११ मध्ये बॅडमिंटनच्या जागतिक महासंघानं मोठ्या स्पर्धांत बायकांनी स्कर्टच घालावा असा नियम आणायचं ठरवलं होतं. खेळाडूंनी आणि इतरांनी आरडाओरडा केला आणि २०१२ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. आई हसून म्हणाली, "मतलब उधर भी लोगां लडकियों के कपडेच देखते!" आम्ही म्हणालो, "हो बाई, सगळीकडे तेच."

एका ओळखीच्या माणसाच्या हॉलमध्ये सकाळी एक तास मिळाला. सर पाय शिकवू लागले. सहा कोपरे ठरवून द्यायचे, फूल नसतानाच त्या कोपऱ्यांना शिवून मधे यायचं. पोरगी दहा मिनिटं सुरेख करायची. मग चेहरा पांढरा पडायचा, ओठ सुकायचे, ती भिंतीला टेकून बसायची. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली.

सर म्हणाले, "मॅडम, हात हाये, डोळा हाये, पन दम नाई तिच्यात. होईन सवयीनं." आम्हीही मान डोलावली. धावायची सवय नाही, दम वाढेल, असंच आम्हाला वाटलं. मुलींना मात्र आम्ही चिडवून म्हणालो, "इतनी जल्दी थक गई? हमारी उमर में क्या करोगी?" ते वाक्य आज आठवलं की आम्हाला लाज वाटते.

दुसऱ्यांदा पडली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.४ आलं. या वयाच्या मुलीला निदान १२ तरी हवं.

त्याच आठवड्यात आम्ही वर्गात बालभारतीच्या पुस्तकातून रक्ताभिसरण समजावून सांगितलं होतं. फळ्यावर लाल खडूनं पेशी काढल्या होत्या. घरी येऊन आम्ही वहीत हिशेब केला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन १३ आहे तिच्या १०० मिलिलिटर रक्तात सतरा-साडेसतरा मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. आमच्या पोरीच्या रक्तात जेमतेम अकरा. म्हणजे दोघी एकाच कोर्टावर, एकाच फुलामागं धावतात, पण एकीच्या हातात भरलेली घागर आणि दुसरीच्या हातात तळाला भोक असलेली. आणि आम्ही दुसरीला म्हणत होतो, जरा जोरात धाव!

आता आमच्या चुकीकडे येतो. शाळेत सहावीपासून पुढच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी द्यायची सरकारची योजना आहे. ठरलेला वार सोमवार. आमच्या वर्गाच्या गोळ्या वाटायचं काम आमच्याकडंच. नोंदवही भरायचं कामही आमच्याकडंच. आम्ही काय करायचो, तर प्रत्येकीच्या हातावर गोळी ठेवायचो, रकान्यात खूण करायचो आणि गणिताचा तास सुरू करायचो. गोळी समोर गिळायला लावायची, नाश्ता करून न आलेल्या मुलीला आधी काही खायला द्यायचं, यातलं आम्ही काहीच करत नव्हतो. पोरींना त्या गोळीनं मळमळायचं. एकीची आई म्हणायची, गोळीनं संडास काळी होते, काहीतरी विषारी असेल. कुणी म्हणायचं, पुढं मूल होत नाही. मग गोळ्या जायच्या कुठं? डॉक्टरांकडून आल्यावर आम्ही पोरीला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, पीछे की दीवार के उधर."

मधल्या सुट्टीत आम्ही शाळेच्या मागच्या भिंतीपाशी गेलो. पाऊस पडून गेला होता. चिखलात निळे डाग पसरले होते. आमच्या नोंदवहीत मात्र सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. एकही रकाना रिकामा नव्हता. ज्या बाई दाखल्यावरचं नाव दोनदा वाचतात, त्यांनी वर्षभर ही नोंद एकदाही तपासली नव्हती.

त्या रात्री झोप लागली नाही. हे म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता? सगळीकडे असंच चालतं." तेच तर दुखत होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. एवढ्या मुली वर्गात बसतात, झाडतात, पाणी भरतात, भाकऱ्या थापतात आणि कुणाला काही कळत नाही, कारण या कामांत शरीर हळूहळू पुढं ढकलता येतं. बॅडमिंटनमध्ये ढकलता येत नाही. पंधरा सेकंदांत रक्ताला हिशेब द्यावा लागतो. खेळानं तिला पाडलं म्हणूनच तिचा आजार आम्हाला दिसला. ती खेळली नसती तर दहावी होऊन, लग्न होऊन, पहिल्या बाळंतपणात हे कळलं असतं. तिथं कळणं किती महाग पडतं ते आमच्या मोहल्ल्यातल्या कबरस्तानाला विचारावं.

पुन्हा त्यांच्या घरी गेलो. आई घाबरून म्हणाली, "आता खेल बंद करो मॅडम, लडकी को कुछ हो गया तो?" आम्ही सांगितलं, खेळामुळे हे झालेलं नाही, खेळामुळे कळलंय. मग जेवणाची गोष्ट निघाली. लोकांना वाटतं, मुसलमानांच्या घरी रोज गोश्त शिजतं, तिथं कसली रक्ताची कमी! या घरात गोश्त जुम्म्याला यायचं, तेही पाऊण किलो, सात माणसांत. कलेजी आली तर ती बापाला आणि भावाला, कारण ते वजन उचलतात. आईच्या आणि पोरींच्या वाट्याला शोरबा. वर जेवण झालं न झालं की कडक चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. यात कुणी दुष्ट नव्हतं. बापाचं पोरीवर प्रेम होतं. तो दाराशी बसून सगळं ऐकत होता. मधेच म्हणाला, "बाई, बोरा मैं उठाता, ये तो चिडी उठाती." आम्ही त्याला हॉलमध्ये यायला सांगितलं.

तो खरंच आला, रविवारी. डॉक्टरांनी अजून खेळू द्यायला मनाई केली होती, म्हणून पोरगी बाजूला बसली होती आणि दुसऱ्या शाळेतल्या दोन मुली खेळत होत्या. पंखे बंद. हमाल माणूस, घामाची त्याला काय नवलाई! पण अर्ध्या तासानं त्यानं आम्हाला हळूच विचारलं, "इत्ता दौडना पडता इसमें?" पुढच्या जुम्म्याला कलेजीची वाटणी बदलली. हे आम्हाला तिच्या आईनं सांगितलं, त्यानं नाही.

रोज एक गोळी, जंताचं औषध, गोळीबरोबर लिंबू, जेवणानंतर तासभर चहा नाही, डब्यात गूळ-शेंगदाणे. महिन्याभरानं हिमोग्लोबिन ९.८ आलं. डॉक्टरांनी हळूहळू चालायला, मग पळायला सांगितलं. सप्टेंबरात ११.३ झालं आणि त्यांनी खेळायची परवानगी दिली. सर रोज घड्याळ घेऊन उभे राहायचे. पूर्वी दहा मिनिटांत भिंतीला टेकणारी पोरगी आता अर्धा तास सहा कोपरे शिवत होती. त्याच दिवसांत आम्ही तिला मोबाइलवर २०१७ च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना दाखवला, सिंधू विरुद्ध ओकुहारा. ११० मिनिटांचा तो सामना. दुसऱ्या गेमचा शेवटचा गुण ७३ फटक्यांच्या रॅलीनंतर सिंधूला मिळाला. त्यानंतर दोघीही गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या होत्या. शेवटी ओकुहारा जिंकली. पोरगी म्हणाली, "मॅडम, इनका खून कितना होगा?" आम्ही हसलो, पण प्रश्न बरोबर होता.

तिला आम्ही नागपूरच्या मालविका बनसोडचीही गोष्ट सांगितली. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत वीस वर्षांच्या मालविकानं साईना नेहवालला २१-१७, २१-९ असं हरवलं होतं. आपल्या विदर्भातली मुलगी, हे सांगताना आमचाच आवाज चढला होता.

जिल्ह्याची स्पर्धा अकोल्यातच झाली. समोरची मुलगी तीन वर्षं प्रशिक्षकाकडे शिकत असलेली, तिच्या बॅगेत दोन रॅकेटी. आमच्या पोरीनं पहिला गेम २१-१७ जिंकला आणि सर खुर्चीवरून उठले. दुसरा १४-२१ गेला. तिसऱ्यात १८-१८ पर्यंत दोघी बरोबर होत्या. सगळे गुण मोजत होते, आम्ही तिचा चेहरा बघत होतो. ओठ पांढरे होताहेत का, पाय लटपटताहेत का. शेवटचे तीनही गुण समोरच्या मुलीनं घेतले, अनुभवाच्या जोरावर. पोरगी हरली.

हात मिळवून ती आमच्याकडं आली. घामानं रुमाल चिकटला होता, चेहरा लालबुंद झाला होता. आम्ही समजूत घालायला तोंड उघडलं तोच ती म्हणाली, "मॅडम, चक्कर नहीं आया." आणि तिथंच बाटलीभर पाणी प्यायली. तिचा बाप शेवटच्या पायरीवर बसला होता. त्याला हार-जीत कळली होती की नाही कोण जाणे. तो टाळ्या वाजवत होता.

ती पुढं फार मोठी खेळाडू झाली असं लिहायला आम्हाला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. दहावी झाली, बारावी झाली. रविवारी जमेल तशी खेळते, धाकट्या बहिणीला शिकवते. मोठी खेळाडू व्हायला लहानपणापासूनचं प्रशिक्षण लागतं, पैसा लागतो, रोजचा हॉल लागतो, एक-दोन गेममध्ये पिसं तुटणाऱ्या फुलांचे डबे लागतात. ते तिच्याकडं नव्हतं आणि आमच्याकडंही नव्हतं. पण ती जिना एका दमात चढते.

एक गोष्ट सांगायची राहिली. तिला घेऊन दवाखान्यात गेलो होतो, त्या दिवशी डॉक्टर बाई आमच्याकडं बघून म्हणाल्या होत्या, "मॅडम, तुमचंही बघू या." आमचं निघालं ९.१. आपल्याला थकवा येतो तो शाळा, घर, दोन मुलं आणि वय यामुळे, अशी आम्ही आमची समजूत घातली होती. बी.एड.च्या वर्षी त्या हॉलमध्ये पाच मिनिटांत जो घसा सुकला होता, त्यात सवयीचा भाग किती आणि रक्ताचा किती, हे आता कोण सांगणार?

हल्ली सोमवारी पहिल्या तासाला आम्ही फळ्याकडं जात नाही. आधी मुली डबा उघडून दोन घास खातात. मग पाण्याचा माठ, पेले आणि गोळ्यांची पाकिटं टेबलावर येतात. प्रत्येकीनं समोर गोळी घ्यायची आणि जीभ दाखवायची, मगच रकान्यात खूण. सुरुवातीला पोरी कुरकुरल्या. एक धीट पोरगी म्हणाली, "मॅडम, आप भी दिखाओ." तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेली आमची गोळीही आम्ही वर्गातच घेतो. साठ मुलींसमोर जीभ बाहेर काढणारी बाई पाहून वर्ग हसतो. हसून झालं की आम्ही हजेरी घेतो आणि गणित सुरू करतो.